बृहदंत्राचें स्नान : कोणतें आणि कोणाला?



आजचा विषय दिवाणखान्यांत ऐकण्याजोगा नाहीं असें कोणी म्हणेल. परंतु ज्याच्या घरीं सकाळच्या शौचाची चिंता नाहीं असा गृहस्थ विरळाच. एरंडेल, हिरडा, त्रिफळा यांनीं भागेनासें झालें कीं मनुष्य जलोपचाराकडे वळतो, आणि तेथें त्याच्यापुढें अनेक वाटा फुटतात.

पहिली वाट घरगुती एनिम्याची. उंच टांगलेलें भांडें, रबरी नळी आणि फार तर लिटरभर कोमट पाणी, इतकाच तिचा सरंजाम. हें पाणी गुदाशय व बृहदंत्राचा डावा, उतरता भाग यांपलीकडे फारसें जात नाहीं. पण मळाचा खडा अडकतो तो बहुधा गुदाशयांतच. म्हणून प्रसंगोपात्त उपयोगास तें पुरेसें होतें. १९४६ सालीं उरुळीकांचन येथें निसर्गोपचाराचें कार्य सुरू करणाऱ्या गांधीजींचा एनिम्यावर मोठा विश्वास होता.

आयुर्वेदांतील बस्तीला 'देशी एनिमा' म्हणण्याची चाल पडली आहे. ती मला मान्य नाहीं. एनिम्याचें पाणी धुण्यासाठीं आंत जातें, बस्तीचें द्रव्य औषध म्हणून. निरूह बस्ति काढ्याचा; त्यांत मध, सैंधव व स्नेह घालून तो रिकाम्या पोटीं द्यावयाचा. अनुवासन बस्ति तेलाचा, अल्प मात्रेचा व भोजनोत्तर. हा प्रकार ज्याला हवा त्यानें प्रकृति पाहणारा वैद्य गांठावा. दरपत्रक पाहून बस्ति निवडूं नये.

आतां यंत्राकडे वळूं. त्याच्या दोन पद्धती आहेत. खुल्या पद्धतींत रोगी पसरट आसनावर उताणा निजतो. बारीक नळीनें पाणी हळूहळू आंत उतरतें, आणि वेग आला कीं मळ नळीच्या बाजूनें खालच्या पात्रांत पडतो. बंद पद्धतींत नळी जाड असून तिला दोन मार्ग असतात. एकानें पाणी आंत जातें, दुसऱ्यानें मळ बाहेर येतो. पाण्याचा दाब व उष्णता चालकाच्या हातीं. पाऊण-एक तासाच्या बैठकींत एकूण साठ लिटरपर्यंत पाणी आंतून फिरूं शकतें. लाज कोठें कमी, दुर्गंधि कोठें कमी, एवढेंच लोक विचारतात. विचारावयास हवें तें निराळेंच : ही नळी काल दुसऱ्या कोणाच्या शरीरांत होती काय?

अमेरिकेंत पश्चिम कोलोरॅडोमधील एका उपचारगृहांत १९७८ ते १९८० या काळांत अशा धुण्यानंतर निदान ३६ जणांना अमीबाची बाधा झाली. दहा जणांवर बृहदंत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागली, व त्यांतील सहा दगावले. नेहमींप्रमाणें स्वच्छ केलेलें यंत्र तपासलें, तेव्हां त्यांत विष्ठेंतील जंतू विपुल सांपडले.

एवढें धाडस कशासाठीं? तर म्हणे, आंतड्यांत विष साठतें! डॉ. वॉल्टर अल्वारेझ यांनीं १९१९ मध्येंच याचें उत्तर दिलें होतें. मलावरोधांतील जडपणा व डोकेदुखी शौच होतांच तत्काळ जातात. रक्तांत विष भिनलें असतें तर तें इतक्या त्वरेनें कसें ओसरलें असतें? ताणलेल्या आंतड्याचीच ती तक्रार. निरोगी मनुष्याला यंत्रस्नानानें लाभ होतो, याला भक्कम पुरावा अद्याप नाहीं. आंतड्याला छिद्र पडल्याचीं व रक्तांतील क्षारांचा तोल बिघडल्याचीं उदाहरणें मात्र नोंदलेलीं आहेत. म्हणून खुली कीं बंद, या वादांत मी कोणाचीच बाजू घेत नाहीं.

हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांनीं, गरोदर स्त्रियांनीं, आंतड्याला व्रण वा सूज असलेल्यांनीं आणि ज्यांच्या पोटावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनीं या यंत्राच्या वाटेस जाऊं नये. शौचावाटे रक्त पडत असेल, वजन घटत असेल, किंवा उतारवयांत शौचाची संवय एकाएकीं बदलली असेल, तर आधीं डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, एनिमासुद्धां त्यानंतर.

घरीं एनिमा घ्यावयाचाच तर तो क्वचित् घ्यावा, पाणी अंगाच्या उष्णतेइतकेंच कोमट असावें, आणि पूर्वीं घालीत तसा साबण त्यांत घालूं नये. त्यानें आंतड्याचें अस्तर सुजतें.