दहावा शिक्का

आमच्या फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक पिवळं कार्ड असायचं. खोपटला आमच्या घराजवळ एक बेकरी आहे, तिचं ते कार्ड. शंभर रुपयांची खरेदी झाली की मालक त्यावर एक निळा शिक्का मारायचे. दहा शिक्के भरले की खारीचं एक पाकीट फुकट. हिशेब केला तर हजार रुपयांमागे साठ-सत्तर रुपयांची खारी. पण आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या शिक्क्यांचं मोठं अप्रूप. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात त्यांनी जन्मभर पंचिंग कार्डावर हजेरी लावली. कार्डावर उमटलेली खूण म्हणजे पक्कं काम, असा त्यांचा हिशेब. संध्याकाळी लादीपाव घेऊन आले की पिशवी ठेवायच्या आधी जाहीर करायचे, "सात झाले!"

एके दिवशी बेकरीच्या काउंटरवर पाटी लागली, 'कार्ड विसरा! मोबाइल नंबर सांगा, पॉइंट मिळवा.' मालकांच्या मुलाने नवी पद्धत आणली होती, आणि त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. कार्डं छापायला पैसे लागतात. गिऱ्हाइकं ती हरवतात, मग दुकानात येऊन "माझे आठ झाले होते" म्हणून वाद घालतात. रबरी शिक्का काय, कोणीही करून घेऊ शकतो. शिवाय रोजचं गिऱ्हाईक कोण आणि महिन्यातून एकदा येणारं कोण, हे कागदावरून दुकानाला कळत नाही. फोनवर सगळं आपोआप. गल्ल्यापाशी पैसे देण्याचा क्यूआर कोड तर केव्हाचा आलाच होता. मग शिक्क्यांनीच काय घोडं मारलं?

अण्णांच्या कार्डावर सात शिक्के होते. जुनी कार्डं महिनाअखेरीला बंद, नवे पॉइंट शून्यापासून, असं त्यांना सांगण्यात आलं. ते काही बोलले नाहीत. स्वतःचा मोबाइल ते वापरत नाहीत, म्हणून त्यांनी माझा नंबर दिला.

आणि इथून खरी गोष्ट सुरू झाली. अण्णा बेकरीत गेले की ऑफिसात माझा फोन किणकिणायचा. इतक्या रुपयांची खरेदी झाली, इतके पॉइंट जमले, बिल पाहण्यासाठी इथे दाबा. एकदा मी दाबलं. लादीपाव, टोस्ट, मावा केक दोन. अण्णांना मधुमेह आहे. रात्री जेवताना मी सहज विचारावं तसं विचारलं, "अण्णा, मावा केक कोणासाठी घेतले होते?" त्यांनी ताटातून मान वर केली नाही.

पुढे आठ-दहा दिवस फोन किणकिणला नाही. पाव खालच्या वाण्याकडून यायला लागला आणि अण्णांचं संध्याकाळचं फिरणं बंद झालं. कारण विचारलं तर म्हणाले, "दर महिन्याला एक केक आम्ही दोघं मित्र अर्धा-अर्धा खातो. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता, म्हणून दोन घेतले. तुझ्या बिलावर वाढदिवस लिहिलेला नसतो." मला उत्तर सुचलं नाही.

मंडळी, त्या रात्री माझ्या लक्षात आलं की कागदावरून फोनवर जाताना नुसतं कार्ड बदलत नाही, हिशेब कोणाच्या हातात राहतो तेही बदलतं. पूर्वी किराण्याच्या दुकानात उधारीच्या दोन वह्या असत. एक दुकानदाराच्या गल्ल्यापाशी, दुसरी छोटी, गिऱ्हाइकाच्या घरी. माल घेताना दोन्हींत नोंद व्हायची आणि महिन्याच्या शेवटी दोन्हींची बेरीज जुळावी लागायची. मुंबई-ठाण्याच्या लोकलची कुपनं आठवत असतील. फलाटावरच्या यंत्रात घालून छाप उठवून घ्यायचा. आपल्याजवळ किती कुपनं उरली हे यंत्राला ठाऊक नसे, खिशाला ठाऊक असे. अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीने १८९६ पासून दुकानदारांना हिरवी तिकिटं विकायला सुरुवात केली. दुकानदार ती खरेदीबरोबर गिऱ्हाइकाला देत, आणि वहीत पुरेशी चिकटवून झाली की त्या वहीवर घरच्या वस्तू मिळत. तिथेही वही राहायची गिऱ्हाइकाच्याच घरी. पुढे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांच्या मैलांचा हिशेब ठेवायला सुरुवात केली, तेव्हा तो हिशेब कंपनीच्या संगणकात गेला. आज आपल्या बेकरीचे पॉइंटही तिथेच जाऊन बसले आहेत. शिक्क्यावर फक्त खरेदी झाल्याची खूण होती. काय घेतलं, किती वाजता घेतलं, हे तो कोणाला सांगत नव्हता.

म्हणून फोनवरचं काही नकोच, असं माझं म्हणणं नाही. कार्ड हरवण्याची भीती गेली, हा मोठाच फायदा आहे. पण बदल करताना दुकानदाराने दोन-तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट जुन्या शिक्क्यांची. जोसेफ न्यून्स आणि झेवियर द्रेझ या दोन अभ्यासकांनी मोटारी धुण्याच्या एका केंद्रावर केलेला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तीनशे गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. निम्म्यांच्या कार्डावर आठ रिकामी घरं होती. उरलेल्यांच्या कार्डावर दहा, पण त्यांतल्या दोन घरांवर आधीच शिक्के मारलेले. म्हणजे दोघांनाही आठच शिक्के मिळवायचे होते. आठ घरांची कार्डं १९ टक्के लोकांनी पूर्ण केली, दहा घरांची ३४ टक्के लोकांनी. वाट थोडी चालून झाली आहे असं वाटलं की माणूस पुढे चालतो. मग सात शिक्के झालेल्या माणसाला पुन्हा शून्यावर उभं करणं हा व्यवहारसुद्धा आतबट्ट्याचाच नाही का?

दुसरी गोष्ट नंबरची. बिल करताना मोबाइल नंबरचा हट्ट धरू नये, तो दिला नाही म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये व्यापाऱ्यांच्या संघटनांना कळवलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण कायद्याच्या आधी साधी रीत येते. पावासाठी आलेल्या माणसाला पाव द्यावा, नंबर त्याच्या मर्जीवर सोडावा.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली, आणि ती माझ्याच अंगावर येते. आईवडिलांच्या नावाने आपण आपला नंबर देतो, ते त्यांची सोय म्हणून. त्या सोयीची नकळत पाळत होते. केक खाऊ नये हे अण्णांना डॉक्टरांनी सांगितलंच आहे. बिल वाचून ते पुन्हा सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला?

एका संध्याकाळी मी बेकरीत गेलो. भट्टीतून नुकत्याच लाद्या निघाल्या होत्या. गर्दी ओसरल्यावर मालकांना सगळं सांगितलं, केकसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अण्णा बरे आहेत ना? म्हटलं, बरेच दिवस दिसले नाहीत." त्यांच्या संगणकात अण्णांच्या नावाचा एक नंबर होता, तो माझा. अण्णा दिसत नाहीत हे मात्र मालकांच्या डोळ्यांनी टिपलं होतं.

मुलाशी बोलून त्यांनी जुने शिक्के नव्या खात्यांत धरायचं ठरवलं. निरोपात बिलाचा तपशील पाठवणं थांबवलं. आणि फोन नसलेल्यांसाठी उरलेली पिवळी कार्डं गल्ल्याच्या खणात पुन्हा ठेवली. अण्णांसाठी त्यांनी एक कार्ड माझ्याजवळ दिलं, सात शिक्के आधीच मारून.

ते कार्ड भरलं, खारी आली, दुसरं सुरू झालं. अण्णा पुन्हा संध्याकाळी बाहेर पडतात. सध्या फ्रिजवरच्या कार्डावर चार शिक्के आहेत. ते कशाकशाचे, हे मी विचारत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)