राष्ट्रचिन्हावरचा काँडोर

बोलिव्हिया, चिली, कोलंबिया आणि इक्वेडोर या चार देशांच्या राष्ट्रचिन्हांत अँडीज पर्वतातला काँडोर पक्षी विराजमान आहे. चिलीने तर त्याला सोन्याचा मुकुट चढवलाय. निसर्गाने नराला मांसल तुरा आधीच दिलेला असताना! चित्रात नसतं ते त्याचं जेवण. काँडोर मेलेल्या जनावरांवर जगतो. डोकं-मान बोडकी असते ती त्यामुळेच, असं मानतात. त्याच्या भरारीचं कौतुक सगळ्यांना, पण त्याचं बरंवाईट ठरतं ते जमिनीवर, त्या मढ्यापाशी.

पंखांचा पसारा तीन मीटरपर्यंत, वजन पंधरा किलोपर्यंत. एवढं धूड पंख मारत उडू लागलं तर थकून जाईल. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काँडोरांच्या अंगावर नोंदयंत्रं बसवली होती. उडण्याच्या वेळातला जेमतेम एक टक्का वेळ ते पंख मारत होते. एक पठ्ठ्या तर पाच तास पंख न मारता सुमारे 170 किलोमीटर गेला. खरी दमछाक होते ती जमिनीवरून उठताना. त्यात पोट तुडुंब भरलेलं असलं की विचारूच नका.

अँडीजमधल्या गावकऱ्यांना हे पूर्वापार ठाऊक आहे. पेरूच्या अपुरिमाक भागात ‘यावार फिएस्ता’, म्हणजे रक्ताचा उत्सव, होतो. मेलेला घोडा टाकून ठेवायचा, काँडोरने ताव मारला की धावत जाऊन धरायचा आणि बैलाच्या पाठीवर बांधायचा. बैल हे स्पॅनिशांचं प्रतीक, काँडोर अँडीजच्या लोकांचं. शेवटी त्याला मानाने सोडून देतात. तो मेला तर गावाला अपशकुन. पूजा त्याची आणि हालही त्याचेच!

चिन्ह म्हणून तर त्याला कोणीही राबवलं. 1913 साली दानिएल आलोमिया रोब्लेस यांनी ‘एल काँडोर पासा’ या संगीत नाटकाला चाली दिल्या. त्यात पिळल्या जाणाऱ्या खाणकामगारांसाठी काँडोर म्हणजे स्वातंत्र्य. 1975 साली दक्षिण अमेरिकेतल्या हुकूमशहांनी विरोधकांना पळवून ठार मारण्याच्या गुप्त मोहिमेला नाव दिलं तेही काँडोरच.

खऱ्या काँडोरचा घात मात्र मढ्यापाशीच होतो. 2018 च्या जानेवारीत अर्जेंटिनाच्या मेंदोसा प्रांतात 34 काँडोर एकाच ठिकाणी मरून पडलेले सापडले. कारण कार्बोफ्युरान हे कीटकनाशक. शेळ्या मारणाऱ्या प्यूमासाठी आणि कोल्ह्यांसाठी मढ्यात असं विष कालवतात. मादी साधारण दोन वर्षांनी एकच अंडं घालते. 34 पक्षी भरून यायला किती काळ लागेल, तुम्हीच हिशेब करा. आपल्याकडच्या गिधाडांचा घात मेलेल्या गुरांच्या अंगातल्या डायक्लोफेनॅक या औषधाने केला. औषध निराळं, वाट तीच.

मेंढपाळाला नुसते बोल लावून भागत नाही. शेळी गेली की नुकसान त्याचंच. पॅटागोनियात काही ठिकाणी राखणीची कुत्री पिल्लू असल्यापासून कळपातच वाढवतात. जनावरं वाचतात, आणि शिवाय ज्याचं कुत्रं रानात मोकळं हिंडतं, तो मढ्यात विष कालवताना दहादा विचार करतो.