मणी दिलेला आणि हिरा केलेला

स्यमंतक मण्याची गोष्ट आपल्याकडे गणेशचतुर्थीला घरोघरी सांगतात. सूर्याने सत्राजिताला दिलेला तो मणी रोज आठ भार सोनं द्यायचा आणि त्याच्यापायी चोरीचा आळ थेट श्रीकृष्णावर आला. ही अद्भुतकथा. आता आपल्या सुरतेत रोज घडणारी गोष्ट ऐका. बंद पात्रात हिऱ्याची पातळ चकती ठेवतात. मिथेन आणि हायड्रोजन सोडून ते वायू मायक्रोवेव्हने प्रचंड तापवतात. मिथेनमधला कार्बन चकतीवर थराथराने बसतो आणि काही आठवड्यांत हिरा वाढतो. आपल्या पणजोबांना हे सांगितलं असतं, तर त्यांनी याला सिद्धीच म्हटलं असतं.

मग विज्ञानकथा कुठे संपते आणि अद्भुतकथा कुठे सुरू होते?

यान दिसलं की विज्ञानकथा, राक्षस दिसला की अद्भुतकथा, ही वाटणी सोपी आहे. पण मराठी लेखकांनीच ती मानलेली नाही. ‘वीरधवल’सारखी अद्भुतरम्य कादंबरी लिहिणारे नाथमाधव ‘श्रीनिवासराव’ या मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या विज्ञान कादंबरीकडेही वळले होते. नारायण धारपांच्या वाचकाला गूढ आणि विज्ञान एकाच लेखणीतून मिळालं.

जयंत नारळीकरांचं उदाहरण तर फार बोलकं आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. पुढे त्यांनी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ लिहिली. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं मोठं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नारळीकरांनी श्रद्धेच्या या विषयात भूमिती आणली. अवकाशालाच पीळ पडला आणि वस्तू त्यातून फिरून आली, तर तिचं डावं उजवं होईल. जणू आरशातली प्रतिमाच बाहेर आली. असा पीळ आजवर कुणी प्रत्यक्षात घातलेला नाही. म्हणजे कथेचा पाया कल्पितच आहे. तरीही ती विज्ञानकथा आहे. का?

कारण एकदा ते कल्पित मान्य केलं, की पुढे लेखक कुठलीही सवलत घेत नाही. माणूस उलटला तर त्याचं हृदयही उजवीकडे गेलं पाहिजे, त्याचा उजवा हातही डावा झाला पाहिजे. ‘कसं?’ या वाचकाच्या प्रश्नाला कथेला उत्तर द्यावं लागतं. अद्भुतकथेचेही नियम असतात, पण तिथे वर देणारा देतो आणि घेणारा घेतो. सत्राजिताला मणी मिळाला, तो त्याच्या भक्तीमुळे. शेजाऱ्याला तो करून पाहता येत नाही. विज्ञानकथेतलं आश्चर्य मात्र कुणा एका कृपापात्राचं नसतं. रीत कळली, की ते कुणालाही करता यावं, असं ती कथा गृहीत धरते. मला सीमारेषा इथे दिसते.

ही रेषा सरकतेही. एच. जी. वेल्स यांनी 1894 साली हिरे तयार करणाऱ्या एका माणसाची कथा लिहिली. त्या फाटक्या माणसाकडून हिरा विकत घ्यायला कुणी धजावत नाही. 1954च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाब आणि उष्णता वापरून खरोखरच हिरा तयार झाला. रेषा सरकली ती मंत्राने नव्हे. त्यामागे फसलेले प्रयोग होते, नोंदी होत्या, आणि दुसऱ्यालाही तो प्रयोग करून पाहता येत होता.

म्हणून कथेत दोन्ही प्रकार खुशाल मिसळावेत, असं मी मनापासून म्हणेन. पुराणातली नावं घ्यावीत. नारळीकरांनी यंत्रमानवाच्या कादंबरीला ‘वामन परत न आला’ हे नाव दिलंच की! पण पुस्तक मिटल्यावर रेषा स्पष्ट हवी. पुष्पक विमान ही आपल्या कल्पनाशक्तीची मोठी झेप आहे. तिला विमानविद्येचा पुरावा ठरवलं, की काव्याचाही अपमान होतो आणि विज्ञानाचाही. मुलांना दोन्ही गोष्टी सांगा, फक्त कुठली कोणती ते सांगा.

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. घरी आजीची अहिराणी गोष्ट आणि कामाच्या जागी लेझरने हिरा कापणारं यंत्र, अशी दोन्ही जगं त्यांच्या मुलांच्या ओळखीची आहेत. मराठी विज्ञानकथेला दोन्ही जगं ओळखणाऱ्या अशाच लेखकांची गरज आहे. तरुण मित्रांनो, तुम्ही लिहा. आश्चर्य हवं तेवढं मोठं असू द्या, फक्त ‘कसं?’ असं विचारणाऱ्या वाचकाला गप्प बसवू नका.