रात्री गावात कोण आहे?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा विषय आम्हीच मागून घेतला. आम्ही डॉक्टर नाही. शाळा नववीला सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि मोर्चात झाले. सारी हयात सूतगिरणीत, रिंगखात्यात गेली. तेव्हा आरोग्यावर हा माणूस काय बोलणार, असे कोणाला वाटेल. पण गिरणीत राहून एक गोष्ट आम्हाला चांगली कळते. काम माणसांवर चालते. माणसे कुठे उभी करायची, त्यांना कोणी शिकवायचे आणि पगार कोणी द्यायचा, हे ठरले नाही तर कितीही मोठी इमारत बांधा, खाते बंदच राहते.

गिरणीत तीन पाळ्या असतात. रात्री दोन वाजता मशीन बिघडले तर तिसऱ्या पाळीचा फिटर हजर असतो. खेड्यात रात्री दोन वाजता बाळंतीण अडली, लहान मूल गार पडले, तर कोण हजर असते? आमचे आजचे बोलणे एवढ्या प्रश्नावरच आहे.

१९८६ सालची गोष्ट. आमची मोठी बहीण यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला दिलेली. तिला मुलगा झाला. घरीच, सुईणीच्या हातून. चौथ्या दिवशी पोराने दूध सोडले, अंग गार पडले. आम्ही नेमके तिथे होतो. भावजींबरोबर उपकेंद्रावर पळालो. कुलूप. नर्सबाई तालुक्याला राहायच्या. शेजारच्या म्हातारीने ओट्यावरूनच सांगितले, "डाक्टर शे, पन आठे नही." बैलगाडी जुंपली, रस्त्याला लागलो, जीप मिळेपर्यंत उजाडले. पोरगा रस्त्यातच गेला. त्याचे नावसुद्धा ठेवायचे राहिले होते.

पुष्कळ वर्षे आम्ही त्या नर्सबाईंना शिव्या देत होतो. पुढे चळवळीत हिंडलो, दहा गावे पाहिली, तेव्हा लक्षात आले की त्या बाईंकडे पाच-सहा गावे होती. राहायला दिलेल्या खोलीला पाणी नाही, दाराला धड कडी नाही, एकटी बाई, जायला वाहन नाही. आपल्या लेकीला आपण तिथे राहू दिले असते का? दोष सगळा त्यांच्यावर टाकून आपण मोकळे झालो, एवढेच.

आता सरकारी रचना काय आहे ते थोडक्यात पाहू. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला आणि खेड्यापर्यंत आरोग्य केंद्र गेले पाहिजे असे सांगितले. पुढे ठरलेला हिशोब असा. सपाटीवर ५ हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, ३० हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, १ लाख २० हजाराला एक ग्रामीण रुग्णालय. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे ३ हजार, २० हजार आणि ८० हजार. कागदावर हिशोब चांगला आहे. पण ५ हजार वस्ती म्हणजे खानदेशात कधी चार गावे आणि सात पाडे. उपकेंद्र एका गावात, बाकीच्यांनी चालत यायचे. शेवटच्या घरापासून उपकेंद्रापर्यंतचे जे अंतर, त्या अंतरात माणूस मरतो.

ते अंतर भरायला सरकारने २ ऑक्टोबर १९७७ पासून गावोगावी आरोग्यरक्षक नेमायची योजना काढली. तीन महिने शिक्षण, महिना ५० रुपये मानधन आणि औषधांची पेटी. कल्पना वाईट नव्हती. पण नेमले गेले ते बहुतेक पुरुष, आणि पुष्कळ ठिकाणी गावातल्या वजनदार लोकांच्या मर्जीतले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कसा जाणार? दलित वस्तीत, भिल्लांच्या पाड्यात तो किती वेळा जाणार? योजना हळूहळू विझली. यातून शिकायचे ते हे, की गावातला माणूस नेमला म्हणजे काम झाले असे होत नाही. कोणाच्या घरातला, कोणी निवडलेला आणि कोणासाठी, हेही बघावे लागते.

आणि हे कसे बघायचे ते आपल्याच महाराष्ट्रात, नगर जिल्ह्यात, त्याच्या आधीपासून चालू होते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. दुष्काळी तालुका. त्यांनीही आधी शिकलेल्या नर्सेस गावात ठेवून पाहिल्या. त्या टिकेनात. मग गावच्या लोकांनीच सुचवले की आमच्यातलीच बाई घ्या, ती कुठे पळून जाणार आहे? तेव्हा गावाने बाया निवडल्या. बहुतेक निरक्षर, मजुरी करणाऱ्या, काही नवऱ्याने टाकलेल्या, आणि त्यांत आपल्या समाजातल्याही. ज्या बाईला गावात पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, तीच सवर्णांच्या घरात बाळंतपण करायला जाऊ लागली. शिक्षणाला सगळ्या जातींच्या बाया जामखेडला एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. हातपंप खोदताना ते दलित वस्तीत खोदले, म्हणजे ज्याला पाणी पाहिजे त्याने तिकडे यावे.

शिकवण्याची पद्धत नीट ऐका, कारण खरे मर्म तिथे आहे. एकदा तीन महिने शिकवून प्रमाणपत्र हातात दिले आणि विसरले, असे तिथे झाले नाही. बाया दर आठवड्याला केंद्रावर येत. गेल्या आठवड्यात काय झाले ते सांगत, नवीन दोन गोष्टी शिकत, परत जाऊन त्याच गावाला शिकवत. मधून मधून नर्स आणि डॉक्टरांचे फिरते पथक गावात येई, आणि बाईला झेपणार नाही असा रोगी जामखेडच्या दवाखान्यात जाई. म्हणजे खाली गावची बाई, मध्ये पथक, वर दवाखाना. वरच्याने खालच्याला पाठीशी घातले पाहिजे, तरच खालच्याचा शब्द गावात चालतो. नवीन गावे जोडली तेव्हा जुन्या बायांनीच नव्या बायांना शिकवले. काम वाढले ते असे, एका गावाला लागून दुसरे. सुरुवातीला तिथे हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. तीस वर्षांत तो आकडा तिशीच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे काम सुरू केले. नव्वदच्या दशकात त्यांनी ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. बाळ जन्मले की लगेच घरी जायचे, वजन करायचे, अंगाची ऊब बघायची, श्वास मोजायचा, जंतुदोषाची लक्षणे ओळखायची आणि गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचे. डॉक्टर मंडळींत यावर गदारोळ झाला, की कमी शिकलेल्या बाईच्या हातात सुई कशी देता? त्याला उत्तर आकड्यांनी मिळाले. शेजारच्या गावांशी ताडून पाहता नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय पत्रिकेत छापून आले.

मित्रहो, आम्ही हे पहिल्यांदा वाचनालयात वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो. दूध सोडलेले, गार पडलेले पोर. ओळखायला घड्याळ, थर्मामीटर आणि शिकलेली नजर लागते. हे आमच्या बहिणीच्या शेजारच्या घरात कोणाकडे असते, तर कदाचित आज तो पोरगा चाळिशीला टेकला असता.

पुढे १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि सपाटीवर साधारण हजार वस्तीला एक आशा कार्यकर्ती नेमायचे ठरले. त्याच गावची बाई, सून असली तर उत्तम. २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी तिच्या कामात आल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा भेटी, घरी झाले असेल तर सात, बेचाळीस दिवसांपर्यंत. गडचिरोलीचे काम देशभर पसरले ते या रस्त्याने.

आणि आता सांगायला आनंद वाटतो. ज्या बहिणीचा पोरगा गेला, तिची धाकटी सून आज त्याच गावात आशा आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ती एका पावरा कुटुंबात तिसऱ्या दिवसाच्या भेटीला गेली. बाळाचे पाय गार, दूध ओढत नाही. तिने त्याला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधले, वरून घोंगडी घातली आणि १०८ ला फोन लावला. गाडी पाड्यापर्यंत येईना, म्हणून दीड किलोमीटर चिखलातून स्वतः बरोबर चालली. पोर वाचले. त्या सगळ्या भेटींचे मिळून तिला अडीचशे रुपये मिळायचे होते. ते सहा महिन्यांनी मिळाले.

इथे गिरणी कामगाराचे डोके फिरते. आशाला सरकारदरबारी स्वयंसेविका म्हणतात. म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. आमच्याकडे बदली कामगार असायचा, गेटवर उभा राहायचा, काम मिळाले तर मजुरी. ही बाई बदलीपेक्षाही वाईट अवस्थेत आहे, कारण तिला काम रोज आहे. कोणी म्हणेल, जामखेडच्या बायांना तरी कुठे पगार होता? खरे आहे. पण तिथे काम बेताचे होते, आपला धंदा-मजुरी सांभाळून करायचे, आणि बचत गट, कर्ज, शेळ्या असा आधार संस्थेने उभा केला होता. इथे गरोदर बाईच्या नोंदीपासून क्षयाच्या गोळ्यांपर्यंत सगळे तिच्या डोक्यावर, वर मोबाईलमध्ये माहिती भरायची. काम नोकरीचे आणि दाम सेवेचे, हा हिशोब बाबासाहेबांच्या लेकरांनी मान्य करू नये. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रीला बाळंतपणात पगारी विश्रांती मिळावी म्हणून बाबासाहेब उभे राहिले होते. तो खर्च बाईच्या एकटीच्या अंगावर पडू नये, हेच त्यांचे म्हणणे होते.

ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या आशांनी संप केला, पुढे थंडीत आझाद मैदानावर बसल्या. तेव्हा कुठे मार्च २०२४ मध्ये महिना ५ हजार रुपये वाढीचा निर्णय झाला. त्याआधी मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा सन्मान केला होता. शाल आधी मिळाली, भाकरीसाठी मैदानात बसावे लागले.

आपल्या खानदेशात आणखी एक अडचण आहे, भाषेची. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात पावरी, भिलोरी, तडवी बोलतात. खाली आलो की अहिराणी. पुण्या-मुंबईचा डॉक्टर कितीही भला असला तरी बाई त्याला पोटातले दुखणे सांगत नाही. पलीकडचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ पर्यंत आपल्या धुळ्यातच होता. तिथे २०२० साली टाळेबंदीत रेलू वसावे या अंगणवाडी सेविका नर्मदेच्या पात्रातून स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जात होत्या, गरोदर बाया आणि लहान मुलांचा आहार पोचवायला. त्या त्याच काठच्या, म्हणून त्यांना ते पात्र माहीत होते.

धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून होते, २०१८ साली जळगावला झाले, २०२० साली नंदुरबारला. चांगली गोष्ट आहे, ती हवीच. पण वरचा मजला बांधला म्हणून खालचा आपोआप उभा राहत नाही. उपकेंद्रांत आता समुदाय आरोग्य अधिकारी आले आहेत. त्यांनाही राहायला घर, पाणी आणि सुरक्षितता मिळाली नाही, तर १९८६ चे कुलूप पुन्हा लागेल.

मग आपण काय करायचे? आपल्या वस्तीतल्या आणि आपल्या गावाकडच्या मिळून पुष्कळ लेकी-सुना आशा आहेत, नर्स आहेत. पहिले, रात्री बोलावणे आले तर घरातल्या पुरुषाने कंदील नाही तर मोटारसायकल घेऊन तिच्याबरोबर जावे, "कशाला जातेस" असे म्हणू नये. दुसरे, आशाची निवड ग्रामसभेत होते. त्या दिवशी गावाकडे जाऊन बसा, नाही तर कोणाच्या तरी मर्जीतली नेमली जाईल आणि आपल्या वस्तीत पाऊल टाकणार नाही. तिसरे, त्या मोर्चाला निघाल्या की आपल्या युनियनचा झेंडा त्यांच्या मागे उभा पाहिजे. चौथे, विहाराची ही खोली दुपारी रिकामी असते. बाळंतिणी, सासवा आणि नर्सबाई यांची महिन्यातून एक बैठक इथे होऊ द्या. सासूला कळले तरच सुनेला पहिले दूध पाजू देतील.

तथागतांनी एका आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली, ही कथा आपण इथे ऐकली आहे. इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती, कारण तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता. आमच्या बहिणीचा चार दिवसांचा पोरगाही कोणाच्या उपयोगाचा नव्हता. त्याच्यासाठी त्या रात्री कोणी हजर नव्हते. आता हजर असलेली बाई आपल्याच घरात आहे. तिला जपा, तिच्या पाठीशी उभे राहा, एवढेच सांगतो आणि आपली रजा घेतो.

जयभीम.