दूध उतू गेलं आणि सह्याद्री झाला

आजचा विषय ज्वालामुखी. पण जपानला किंवा हवाईला जायचं नाहीये, सह्याद्रीतच थांबायचंय.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. शनिवारी सकाळी मावळातल्या एका शाळेत तिसरी-चौथीला शिकवायला जातो. तिथल्या पोरांसाठी ज्वालामुखी म्हणजे यूट्यूबवरचा आग ओकणारा डोंगर. आणि शाळेच्या भिंतीतला काळा दगड? तो नुसता दगड! खरं तर तोच थंड झालेला लाव्हा आहे. हे एका तासात पोचत नाही, म्हणून मी सगळ्या विषयांतून जातो.

आधी परिसर अभ्यास. मुलं डोंगर बघून चित्र काढतात, तर त्यात पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचे थर. कुकरची शिट्टी उडावी तसा स्फोट इथे फारसा नव्हता. जमिनीच्या लांब भेगांतून लाव्हा दुधासारखा उतू गेला, पसरला, थिजला. मग पुन्हा वरून नवा थर. दगडातली भोकं? वायूचे बुडबुडे.

भाषेच्या तासाला मुलंच शब्द गोळा करतात: उकळणं, खदखदणं, उतू जाणं, साय धरणं. आईच्या स्वयंपाकघरात अर्धा ज्वालामुखी सापडतो!

गणित मैदानावर. एक पाऊल म्हणजे 10 लाख वर्षं. हा लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे 66 पावलं. आणि 1674 चा रायगडावरचा राज्याभिषेक? शेवटच्या पावलात, पेन्सिलच्या रेघेपेक्षाही बारीक. तिथे पोरं एकदम गप्प होतात.

इतिहासात तोच दगड परत येतो. रायगड त्यावरच उभा आहे. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात त्यातूनच वरून खाली कोरलं. विदर्भातली कापसाची काळी माती, तीही बहुतांशी हाच दगड झिजून झालेली.

एकदा चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, आपला डोंगर रात्री फुटेल का?" वर्ग हसला. ती मात्र खरंच घाबरली होती. अशा वेळी "नाही गं" म्हणून पुढे जायचं नसतं. मी नकाशा उघडला. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत आला. खालची ती उष्णता मागेच, आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. भारतातला जागा ज्वालामुखी आहे तो अंदमानातल्या बॅरन बेटावर. तिने बोटाने अंतर मोजलं आणि म्हणाली, "मग झोपते मी."

माझ्या मते, ती 66 पावलं चालली होती म्हणूनच तिला हे पटलं. नुसतं पाठ केलेलं वाक्य भीती घालवत नाही.

सोडा-व्हिनेगरचा प्रयोग जरूर करा, मजा येते. फक्त सांगा, की त्यातून वायू फेस कसा वर ढकलतो एवढंच दिसतं, खरा लाव्हा म्हणजे वितळलेला खडक. आणि या पावसाळ्यात घाटात गेलात, तर सेल्फीआधी सोबतच्या लहानग्यांना डोंगराच्या पायऱ्या मोजायला लावा. किती भरल्या ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!