रस्ता किती दबतो?



पुण्यात रस्त्यांवर बोलायला उभं राहिलं की जंगली महाराज रस्ता आडवा येतोच. रेकॉन्डो कंपनीनं १९७०च्या दशकात तो केला, दहा वर्षांची हमी दिली, आणि हमी संपल्यावरही तो कित्येक वर्षं टिकला. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय आणि ऐकवलीही आहे. मला ती आवडते. पण त्या गोष्टीत वर्षं आहेत, मिलिमीटर नाहीत. बस गेली तेव्हा तो रस्ता किती दबला आणि किती वर आला, हे ती सांगत नाही. त्यामुळे तिच्यातून अभिमान मिळतो, संकल्पचित्र मिळत नाही.

भरलेल्या ट्रकचं चाक गेलं की चांगला डांबरी रस्ताही मिलिमीटरच्या काही दशांशांनी खाली जातो. हे मोजायला बेंकलमन बीम आला, १९५०च्या दशकातली अमेरिकन तरफ. मागच्या आसावर ८,१७० किलोंचा भार, जोडचाकांच्या मधे तरफेचं टोक, ट्रक हळू पुढे न्यायचा आणि डायल वाचायची. स्वस्त, दणकट साधन. त्याची निंदा मी करणार नाही. पुढे फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर आला. तो वजन पाडून धावत्या चाकासारखा क्षणिक भार देतो आणि रस्त्याची हालचाल जिओफोन या कंपनं टिपणाऱ्या संवेदकानं वाचतो. पण ही दोन्ही यंत्रं पाहुणी. एक दिवस येतात, आकडे घेतात आणि जातात. रस्ता मात्र मे महिन्यात वेगळा असतो आणि ऑगस्टमध्ये, काळ्या मातीत पाणी मुरल्यावर, अगदीच वेगळा.

म्हणून संवेदक रस्त्याच्या पोटात हवेत, आणि तेही रस्ता होत असतानाच बसवलेले. इथे एक अडचण आहे. हलणाऱ्या गोष्टीची हालचाल मोजायला न हलणारा बिंदू लागतो. त्वरणमापक त्याशिवाय काम करतो खरा, पण त्वरणावरून विस्थापन काढताना दोनदा समाकलन करावं लागतं आणि बारीकशी चूक फुगत जाते. जिओफोन काही हर्ट्झच्या खाली जवळजवळ बहिरा असतो. थांब्यावर बस रांगत येते, नेमकी तिथेच ही दोन्ही उपकरणं फसतात. यावर उपाय म्हणजे खोल नांगरलेला दांडा आणि त्यावर वेगवेगळ्या थरांशी बसवलेले एलव्हीडीटी, म्हणजे विस्थापन थेट मोजणारे विद्युत संवेदक. पुण्यात बऱ्याच ठिकाणी मुरमाखाली लवकरच काळा कातळ लागतो. पाइपलाइनवाले ज्याला शिव्या घालतात, तो आपल्याला फुकटचा स्थिर बिंदू आहे.

हे आत्ताच का? जुलै २०१८मध्ये चार टायरच्या एका आसाचा कायदेशीर भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेला. इलिनॉयमधल्या ओटावा इथे १९५८ ते १९६०मध्ये झालेल्या रस्त्यांच्या चाचणीतून आपण शिकलो की नुकसान साधारणपणे भाराच्या चौथ्या घातानं वाढतं. गणित करून पाहा, दर आसामागे सुमारे साठ टक्के जास्त. अधिसूचनेनं भार वाढला. खाली होते ते जुनेच थर.

या शहरात हे बोलताना मुकुंदराव जयकरांची आठवण होते. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि तिथल्या ग्रंथालयाचं नाव म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण १९२७च्या रस्तेविकास समितीचे अध्यक्षही तेच होते. पेट्रोलवरच्या अधिभारातून रस्तानिधी उभारा, अभियंत्यांची कायमची संस्था असू द्या, संशोधनाची सोय करा, अशा त्या समितीच्या शिफारशी. निधी १९२९मध्ये आला, इंडियन रोड्स काँग्रेस १९३४मध्ये, आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था थेट स्वातंत्र्यानंतर. पेशानं ते वकील होते. खर्चाबरोबर संशोधनही हवं हे एका वकिलाला सुचलं, आणि आपल्या निविदांत दोषदायित्व, म्हणजे दोष दुरुस्त करण्याची ठेकेदाराची जबाबदारी, अजून वर्षांत लिहिलं जातं!

माझी मागणी छोटी आहे. पुढच्या उन्हाळ्यात शहरात जे डांबरीकरण होईल, त्यातल्या तीन जागा द्या: एक बसथांबा, एक खोदून बुजवलेला चर आणि एक धडधाकट तुकडा. तिन्हींत एलव्हीडीटी, डांबराच्या तळाशी ताणमापक आणि तापमापक. ताणमापकावर आधी हातानं बारीक मिश्रण दाबायचं, मगच पेव्हर आणायचा. नाहीतर दीडशे अंशांचं डांबर आणि रोलर मिळून त्याचा पहिल्याच दिवशी निकाल लावतील. दोषदायित्वाच्या कलमात वर्षांबरोबर विक्षेपाची, म्हणजे रस्ता भाराखाली किती दबावा याची, मर्यादाही घाला. ठेकेदार मित्रांनी घाबरू नये. चर दुसऱ्या कुणी खोदला आणि शेजारचा रस्ता दबू लागला, तर तारखेसकट पुरावा तुमच्याच हातात येईल.

या संवेदकांच्या तारांचं काय, असं विचाराल. पावसापेक्षा मला त्यांच्यासाठी जेसीबीची जास्त भीती वाटते. म्हणून डक्ट पदपथाखालून न्या आणि खोदाईची परवानगी देणाऱ्या कार्यालयाच्या नकाशावर तो पहिल्याच दिवशी चढवा. दुपारच्या सत्रात या अर्थाचा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन पथ विभागातल्या कुणी दिलं, तर तीन जागांची नावं आजच लिहून घेऊ.