बुऱ्हाणपूरहून रसायनशास्त्राकडे

बारावीचा निकाल लागला की बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. पोराला भुसावळ-जळगावच्या गाडीत बसवायचं, की खंडवा-इटारसीच्या? स्टेशन एकच, पण एका बाजूला रावेर येण्याआधीच महाराष्ट्र सुरू होतो, दुसरी बाजू भोपाळकडे नेते. तिसरा मार्ग गावातच राहून बी.एस्सी. करण्याचा. तो बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी आणि खालच्या आवाजात निघतो. ‘नीटला नंबर लागला नाही, म्हणून बी.एस्सी.’ हे वाक्य इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यातला अन्याय कुणाला टोचतही नाही. रसायनशास्त्र हे उरलेल्यांनी घ्यायचं शास्त्र नाही, आणि बुऱ्हाणपुरात तर मुळीच नाही.

या गावाचं पोट ज्या धंद्यांवर चालतं, ते धंदे पाहावेत. मागावर चढणाऱ्या ताण्याच्या सुताला कांजी द्यावी लागते, ती स्टार्चची. कापड विणून झालं की तीच कांजी काढून टाकावी लागते. मग कॉस्टिक सोड्यात उकळणं आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करणं. जिल्ह्यातली केळी पिकवायची तर रायपनिंग चेंबरमध्ये मोजून इथिलीन सोडतात. वनस्पती स्वतः तयार करते तोच हा वायू. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्यांनी फळ पिकवायला मात्र कायद्याने बंदी आहे, कारण त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीनसोबत आर्सेनिक आणि फॉस्फिनचे अंश येऊ शकतात. आणि जिल्ह्यातलं नेपानगर तर देशातल्या वृत्तपत्री कागदाच्या पहिल्या गिरणीचं गाव. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंनी ती गिरणी राष्ट्राला अर्पण केली. सातपुड्यातलं सालईचं लाकूड आणि बांबू यांचा लगदा करून तिथे कागद निघू लागला. लाकडातलं लिग्निन वेगळं करायचं आणि सेल्युलोज राखायचं, हे काम रसायनाचंच.

आता अभ्यासक्रमाकडे. नवं शिक्षण धोरण मध्य प्रदेशाने २०२१-२२ पासून लागू केलं, आणि तेव्हापासून ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द घरोघरी पोचले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट लागतात आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील, तर चौथं वर्ष संशोधनासह करता येतं. चार वर्षांच्या पदवीधरासाठी पुढे एका वर्षाच्या एम.एस्सी.चीही तरतूद आहे. घरात पैशाची ओढाताण असेल तर हा हिशेब नीट मांडून पाहावा. चौथं वर्ष गावातच करायचं, की तीन वर्षांत पदवी घेऊन दोन वर्षांच्या एम.एस्सी.साठी मोठ्या संस्थेत जायचं? ज्या महाविद्यालयात संशोधनाची साधनं नाहीत, तिथे चौथं वर्ष काढण्यापेक्षा दुसरी वाट बरी.

मुख्य विषय आणि जोडविषय ही रचना तशी नवी नाही. १९११ साली इंदुरात जन्मलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या, त्या मुख्य विषय रसायन आणि जोडीला भौतिकशास्त्र घेऊन. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा संस्थेत शिकलेले. त्याच संस्थेत कमलाबाईंनी अर्ज केला, तेव्हा मुलगी म्हणून संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. त्या हटल्या नाहीत. अटी घालून, पहिलं वर्ष परीक्षेवर ठेवून त्यांना प्रवेश मिळाला, आणि त्यांचं काम पाहून पुढे तिथलं दार मुलींसाठी उघडलं. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. बटाट्यावरच्या कामातून वनस्पतींमध्येही सायटोक्रोम सी हे प्रथिन असतं हे त्यांनी दाखवलं, आणि भारतात परतल्यावर नीरा आणि कडधान्यं यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केलं. या सगळ्याचा पाया एक बी.एस्सी. होती. आज मुलीला ‘साधी बी.एस्सी. करून काय होणार’ असं ऐकवणाऱ्यांना हे सांगायलाच हवं.

साध्या बी.एस्सी.चं सोनं कुठे होतं, तर प्रयोगशाळेत. एक उदाहरण कुंडी भंडाऱ्याचं. मुघल सुभेदार खानखानांच्या काळात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपतं पाणी भुयारांतून शहरात आणलं गेलं. आज लिफ्टने खाली उतरलं की भिंतींवर चुन्याचे पांढरे थर दिसतात. पाण्यात विरघळलेला कॅल्शियम तिथे साठत गेला आहे. त्या पाण्याची बाटली महाविद्यालयात आणावी. ५० मिलिलिटर पाणी फ्लास्कमध्ये घ्यावं, अमोनिया बफर घालावं आणि एरिओक्रोम ब्लॅक टीची चिमूट टाकावी. पाणी वाइनसारखं लाल होतं. ब्यूरेटमधून ईडीटीए थेंबाथेंबाने सोडत गेलं की एका थेंबाला लाली जाऊन स्वच्छ निळा रंग येतो. ईडीटीए ०.०१ मोलर असेल, तर प्रत्येक मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट धरायचं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. हा प्रयोग ज्या मुलीने स्वतःच्या हातांनी, तीन वाचनं जुळेपर्यंत केला, तिला पुढे कुठल्याही कारखान्याची लॅब परकी वाटणार नाही. जिथे एक ब्यूरेट आणि भोवती दहा मुलं असा प्रकार असतो, तिथे मात्र पदवी मिळते आणि हात कोरे राहतात.

गावाबाहेर जायचं तर जवळचं मोठं केंद्र जळगाव. तिथलं मूळजी जेठा महाविद्यालय १९४५ पासूनचं, आणि उत्तर महाराष्ट्राचं विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झालेलं. त्याला आता कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. विद्यापीठाच्याच रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत केमिकल इंजिनिअरिंगचं बी.टेक. होतं. मात्र इथे बुऱ्हाणपूरच्या पालकांची एक गल्लत होते. घरात मराठी बोलतो, नातीगोती रावेर-सावद्याला आहेत, म्हणून महाराष्ट्रातली जागा आपलीच, असं ते धरून चालतात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मराठी भाषकांसाठी जी वेगळी तरतूद आहे, ती मध्य प्रदेशातल्या मराठी माणसाला लागू नाही. दहावी-बारावी आणि अधिवास दोन्ही मध्य प्रदेशचे असतील, तर तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात तो मुलगा परराज्यातलाच धरला जातो. मग त्याला अखिल भारतीय जागांकडे पाहावं लागतं, आणि त्यासाठी जेईई मेनचे गुण हवेत. माटुंग्याची आयसीटी, १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली आणि आपल्या देशाच्या रसायन उद्योगाचं माहेरघर असलेली, तिथेही हेच. जेईई मेन मराठीतूनही देता येते. ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते. साध्या बी.एस्सी.ला एवढं अडत नाही. मायग्रेशन सर्टिफिकेट आणि विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र या दोन कागदांची मात्र वेळेत तयारी ठेवावी.

बी.एस्सी. केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंग यांत फरक काय, हेही प्रवेशाच्या दिवशी नव्हे, आधी समजून घ्यावं. लगद्यातून लिग्निन किती निघालं, कागदाचा पांढरेपणा किती आला, हे तपासणारा रसायनशास्त्रज्ञ. तोच लगदा टनांनी शिजवताना उष्णता किती द्यायची, पंप किती ताकदीचा लावायचा, सांडपाणी कसं हाताळायचं, हे ठरवणारा केमिकल इंजिनिअर. या दुसऱ्या कामात गणित आणि भौतिकशास्त्र रसायनाहून जास्त लागतं. बारावीला बायो ग्रुप घेतलेल्यांना तो रस्ता सहसा बंद असतो.

भोपाळच्या वाटेवर २००८ साली स्थापन झालेली आयसर ही विज्ञानसंस्था आहे. पाच वर्षांचं बीएस-एमएस, आणि प्रवेशासाठी आयसरची स्वतःची अभियोग्यता परीक्षा. तीत रसायन, भौतिक, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. त्यामुळे बायोवाल्यांना गणिताची आणि गणितवाल्यांना बायोची थोडी तयारी करावी लागते. ज्याला संशोधनाचीच ओढ आहे, त्याने ही परीक्षा द्यावीच. इंदूरचं होळकर विज्ञान महाविद्यालय १८९१ पासून उभं आहे, आणि निमाडातल्या कित्येक घरांना ते आजही आपलं वाटतं. बुऱ्हाणपूरची महाविद्यालयंही पूर्वी इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाकडे होती. २०२४ मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झाल्यावर निमाडाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं.

नोकरीचं विचारतात, तर एकच ठोस गोष्ट. औषध कारखान्याच्या उत्पादनावर देखरेख करणारा माणूस बी.फार्म.च असला पाहिजे, असा सार्वत्रिक समज आहे. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे रसायन हा मुख्य विषय घेऊन झालेला विज्ञान पदवीधरही, औषधनिर्मितीचा तीन वर्षांचा अनुभव असेल तर, त्या कामाला पात्र ठरतो. असे कारखाने असलेला पीथमपूरचा औद्योगिक पट्टा याच राज्यात आहे.

आणि ज्या मुलीला घरून बाहेर पाठवत नाहीत, तिच्यासाठी दार तीन वर्षांनी पुन्हा उघडतं. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी आयआयटींची जाम परीक्षा दर वर्षी फेब्रुवारीत असते. रसायनाचा पेपर १०० गुणांचा, प्रश्न ६०. तिथे महाविद्यालयाचं नाव कुणी विचारत नाही. तयारी दुसऱ्या वर्षापासून, जुने पेपर सोडवत करावी. प्रवेशाचा अर्ज भरताना रसायनासोबत गणित मायनर मिळत असेल तर ते घ्यावं. उष्मागतिकी आणि अभिक्रियांचा वेग हे भाग कलनाशिवाय पुढे सरकत नाहीत, आणि बुऱ्हाणपूरच्या हुशार मुली आजवर नेमक्या तिथेच अडून बसलेल्या दिसतात.